तियोंगेच्या गळ्यातली पुरचुंडी

पाहुणे कितीही लाडके असोत, त्यांच्या जायला तीन दिवस उरले की यजमानीण एका डोळ्यानं रडते आणि दुसऱ्या डोळ्यानं डब्यात उरलेल्या पिठाचा अंदाज घेते. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, आपण सगळे तसेच आहोत. चिम्वाला गावात त्या शुक्रवारी सकाळी घरोघरी हेच चाललं होतं. अमेरिकेतल्या एका कॉलेजातले अकरा विद्यार्थी आणि त्यांचे तरुण पाळक, म्हणजे पास्टर, टॉड तीन आठवड्यांपूर्वी सेवेसाठी म्हणून गावात उतरले होते. शाळेच्या भिंती त्यांनी रंगवल्या, पोरांना गाणी शिकवली, घराघरांत जाऊन प्रार्थना केल्या. आता रविवारी निरोपाची उपासना होती आणि सोमवारी त्यांचं विमान. त्यानिमित्तानं गावातल्या उरल्यासुरल्या कोंबड्यांचेही दिवस भरले होते.

ह्या सगळ्यात कुणी खरोखर दमलं असेल तर ती मलिता. पाचवीच्या वर्गाची ही शिक्षिका गावात सफाईनं इंग्रजी बोलणारी एकटीच, त्यामुळे दुभाष्याचं काम आपसूकच तिच्या गळ्यात पडलं. सकाळच्या प्रार्थनेपासून संध्याकाळच्या ताटापर्यंत एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. जीभ दुखते म्हणजे काय ते तिला ह्या तीन आठवड्यांत कळलं.

आणि मलिताची एक खोड होती. तिला कुणाचं मन मोडवत नसे. पहिल्याच दिवशी ताटात न्सिमाचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा आणि सुके मासे आले, तेव्हा एक उंच मुलगा नाक मुरडून म्हणाला, "हे नक्की खायचं असतं?" मलितानं बायकांना सांगितलं, "म्हणतोय, एवढं सगळं माझ्या एकट्यासाठी?" बायका खूश. मेरेडिथ नावाची विशीतली मुलगी गिटार घेऊन गायला बसली, तेव्हा एनेलेसी आजीनं कपाळाला हात लावला. "ही पोर गातेय, की हिला कुणी चिमटे काढतंय?" मलिता मेरेडिथला म्हणाली, "आजी म्हणतात, तुझ्या आवाजात भावना फार आहे." मेरेडिथनं उठून आजीला मिठीच मारली. आजी दचकली, पण तिलाही बरं वाटलं. कडू कारलं साखरेत घोळण्यात मलिताचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन्हीकडची माणसं एकमेकांवर जीव टाकत होती आणि मलिताला वाटे, आपण पुण्यच करतोय.

त्या सकाळी मेरेडिथ वही घेऊन मलिताच्या ओट्यावर आली.

"मलिताबाई, दहा मिनिटं आहेत का? रविवारी चर्चमध्ये मी साक्ष देणार आहे, देवानं इथं काय केलं ते सांगणार आहे. तुम्ही भाषांतर करणार, म्हणून आधी वाचून दाखवते."

"वाच की," मलिता शेंगदाणे निवडता निवडता म्हणाली.

मेरेडिथ वाचू लागली. "ह्या गावात मला तियोंगे भेटली. अकरा वर्षांची गोड मुलगी. पण तिच्या गळ्यात भीतीचं एक ओझं होतं. मांत्रिकानं दिलेला ताईत! तिच्या आजीनंच तो तिला बांधला होता. मी तियोंगेला म्हटलं, ह्याची आता गरज नाही. आणि तिनं स्वतःच्या हातानं तो ताईत आगीत टाकला. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही..."

मलिताच्या हातातला शेंगदाणा तिथंच राहिला.

तो क्षण तिलाही विसरता आला नव्हता. गेल्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी चर्चच्या अंगणात होळी पेटली होती. मनाला अडकवून ठेवणारं जे काही घरात असेल ते आणून जाळा, असं टॉड पाळकांनी सांगितलं होतं. कुणी दारूची बाटली आणली, कुणी पत्त्यांचा जोड, एका म्हाताऱ्यानं तर हरलेल्या फुटबॉल संघाचा बनियन आणून टाकला. सगळे हसत होते. तेवढ्यात मेरेडिथला तियोंगेच्या गळ्यातली पुरचुंडी दिसली. लाल चिंधीत शिवलेली, दोऱ्यात ओवलेली. इकडे येण्याआधी ह्या मुलांना एक छोटं पुस्तक वाचायला दिलं होतं आणि त्यात गळ्यात बांधायच्या ताइतांची चित्रं होती. मेरेडिथचे डोळे पाण्यानं भरले. ती गुडघ्यांवर बसली, पोरीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हा ताईत तुला बांधून ठेवतोय. येशूनं तुला मोकळं केलंय. हा ताईत आता नको, टाकून दे."

ताईत कसला! त्या पुरचुंडीत फेफऱ्याच्या गोळ्या होत्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तियोंगे वर्गात, विहिरीवर, कुठंही कोसळायची. आरोग्य केंद्रातल्या गोळ्या सुरू झाल्यापासून एकदाही पडली नव्हती. घराचं छप्पर गळकं, त्यात उंदीर, म्हणून एनेलेसी आजीनं गोळ्यांची पिशवी चिंधीत शिवून नातीच्या गळ्यात घातली होती. रोज संध्याकाळी टाका उसवायचा, गोळी द्यायची, पुन्हा शिवायचं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलिताला तर होतंच, पोर तिच्याच वर्गातली!

मग तिनं काय केलं? सरळ सांगायचं होतं, "अगं, औषध आहे ते." पण समोर अख्खं गाव, वर धरलेले फोन, मेरेडिथच्या गालांवरून ओघळणारं पाणी. पाहुणीला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? आणि 'ताईत' हा शब्द जसाच्या तसा सांगायचा तर एनेलेसी आजीवर मांत्रिकाकडे गेल्याचा आळ येतो, चर्चमध्ये चाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसणाऱ्या बाईवर! म्हणून मलितानं, आपल्या नेहमीच्या सवयीनं, तो एक शब्द गाळला. ती म्हणाली, "पाहुणी म्हणते, येशूनं तुला मोकळं केलंय. ह्याची आता गरज नाही, टाकून दे."

तियोंगेनं आजीकडे पाहिलं. आजीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. पोरीनं दोरा गळ्यातून काढला आणि आगीत टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मेरेडिथनं तिला उराशी धरलं. नंतर मेरेडिथनं विचारलंही, "मी बरोबर केलं ना?" आणि मलिता म्हणाली, "छान केलंस."

उद्या आजीकडे जाऊन सांगू, दुसऱ्या गोळ्या आणायला लावू, असं तिनं त्या संध्याकाळी ठरवलं होतं. उद्या भिंत रंगवायची निघाली. परवा गाण्याचा कार्यक्रम. होता होता नऊ दिवस गेले आणि पोर हसतखेळत शाळेत येत होती. बघा, चुकीला दोन दिवस फळ आलं नाही की आपण तिला चूक म्हणायचंच विसरतो.

"कसं वाटलं?" मेरेडिथनं विचारलं.

"चांगलं आहे," मलिता म्हणाली. कारलं पुन्हा साखरेत!

"मग चला ना, तियोंगेला भेटून येऊ. शेवटचा एक फोटो हवाय मला."

दोघी निघाल्या. तिकडे जुलै म्हणजे हिवाळा; गार वारा डोंगरावरून सुटला होता, कापलेल्या मक्याची धाटं शेतात वाजत होती. मलिता मनाशी म्हणत होती, त्या आंब्याच्या झाडापाशी सांगते. आंबा मागं पडला. बरं, ओढ्यापाशी सांगते. ओढाही ओलांडला. मेरेडिथ आपल्याच नादात गुणगुणत चालली होती.

ओढ्याच्या चढावर किंकाळी ऐकू आली.

एनेलेसी आजीच्या अंगणात बायका धावत होत्या. चुलीवरचं पेजेचं भांडं कलंडलं होतं. आजी पाणी आणायला गेली, तेवढ्यात शेकत बसलेली तियोंगे तोंडावर पडली होती, आणि तिचा उजवा हात सरळ निखाऱ्यांत! शेजारणीनं ओढून काढेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. पोरीचं अंग अजून ताडताड उडत होतं, डोळे पांढरे झाले होते, तोंडाला फेस. हाताकडे बघवत नव्हतं. एक झटका ओसरतो न ओसरतो तोच दुसरा येत होता.

मेरेडिथ जागच्या जागी थिजली. तिच्या हातातून फोन गळून पडला तरी तिला कळलं नाही.

"कुशीवर वळवा तिला! तोंडात काही घालू नका!" मलिता ओरडली. आपला आवाज इतका मोठा आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं. "मेरेडिथ, पळ! तुमची गाडी आण!"

मेरेडिथ पळाली. गाडी आली तेव्हा ती ड्रायव्हरच्या शेजारी बसून मोठमोठ्यानं प्रार्थना करत होती. आरोग्य केंद्र बारा कोसांवर वाटलं, प्रत्यक्षात बारा किलोमीटरच होतं.

चिसाले सिस्टर म्हणजे आरोग्य केंद्रातली सर्वांत जुनी नर्स. अंगानं किरकोळ, जिभेनं वस्तरा. तिनं आधी सुई टोचली, झटके थांबवले, हातावर ओली पट्टी घातली, जिल्ह्याच्या इस्पितळाला कळवलं. मग तोंडावरचा घाम पुसत तिनं एनेलेसी आजीकडे मोर्चा वळवला.

"आजी, गोळ्या चालू आहेत ना?"

आजीनं नकारार्थी मान हलवली.

"कधीपासून बंद?"

"गेल्या आठवड्यातल्या बुधवारपासून."

"का?" सिस्टरचा आवाज चढला. "मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं, एक दिवस चुकवायची नाही म्हणून! अचानक बंद केल्या की रोग सूड घेतो म्हणून!"

"मला काय विचारतेस, बये?" आजीनं बोट मलिताकडे वळवलं. "ह्या बाईंना विचार. ह्यांनी सांगितलं, पोर मोकळी झाली, आता गरज नाही."

"मी नाही, आजी, पाहुणीनं..." मलिता पुटपुटली.

"मला कुठं इंग्रजी येतं?" आजी गरजली. "ती गोरी पोर बोलली ते माझ्या कानाला भुंग्याची गुणगुण! मी ऐकलं ते तुझ्या तोंडचं. माझ्या नातीला अक्षर शिकवणाऱ्या बाईच्या तोंडचं! तू म्हणालीस म्हणून मी मान हलवली. तू नसतीस म्हणाली तर त्या पोरीचा हात धरून मी बाजूला केला असता!"

मेरेडिथ भिंतीला टेकून उभी होती. "मलिताबाई, काय म्हणतायत आजी?"

मलिताच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्या फार काळजीत आहेत, तुझे आभार मानतायत. तीन आठवड्यांत असली वाक्यं आपोआप तयार होत होती. तिनं ते वाक्य गिळलं. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता, सगळं सांगितलं.

"गोळ्या?" मेरेडिथच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "त्या चिंधीत... गोळ्या होत्या? मी औषध जाळायला लावलं?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं!"

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं! मी बरोबर केलं ना, असं विचारलं होतं! तुम्ही म्हणालात छान! आज सकाळीसुद्धा... चांगलं आहे म्हणालात!" ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "पण मी तरी त्या मुलीला एकदा का नाही विचारलं, ह्यात काय आहे? तीन शब्दांचा प्रश्न. मी सरळ ठरवूनच टाकलं."

चिसाले सिस्टरला इंग्रजी चांगलं येत होतं. तिनं आपल्या गळ्यातला दोरा झग्यातून बाहेर काढला. त्याला औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या होत्या.

"हे बघ, पोरी. हे पण जाळतेस? आमच्याकडे बायका गळ्यात किल्ल्या बांधतात, पदराच्या गाठीत मीठ बांधतात, तपकीर बांधतात, मेलेल्या मुलाचा दात बांधतात. प्रत्येक गाठीत भूत नसतं, बाळ. आधी विचारावं, मग रडावं."

मग ती मलिताकडे वळली, आपल्या भाषेत.

"आणि तू! तू शिकलेली. हिला माफ करता येईल, ही परकी आहे. तुला काय म्हणू?"

"सिस्टर, चारचौघांत पाहुणीला कसं..." मलिता म्हणाली. "आपल्याकडे म्हणतात ना, पाहुणा येतो तो धारदार वस्तरा घेऊनच येतो. आपल्याला जे जमलं नाही ते पाहुणा कापून देतो. मी म्हटलं, आपण कशाला आडवं जावं?"

"म्हणतात. माझी आजीही म्हणायची." सिस्टर तिच्यासमोर येऊन बसली. "पण वस्तऱ्याला धार असते, मलिता, डोळे नसतात. कुठं गाठ आहे आणि कुठं शीर, ते घरच्या माणसानं सांगायचं असतं. तू आजीची अब्रू राखलीस, पाहुणीची राखलीस. पोरीचा हात कुणी राखायचा होता?"

"मी फक्त एक शब्द गाळला."

"तोच शब्द सांगितला असतास तर आजी तिथंच कडाडली असती, ताईत कसला मेला, गोळ्या आहेत! सगळे हसले असते आणि पाच मिनिटांत विषय संपला असता. आज ही पोर अंगणात लंगडी खेळत असती."

बाहेर गाडीत तियोंगेला इस्पितळात न्यायची तयारी चालली होती.

"माझ्यावर देवाचा राग आहे," ती म्हणाली.

"देवाला मध्ये ओढू नकोस. मीही दर रविवारी गुडघे टेकते. प्रत्येक आजाऱ्याला सांगते, गोळी तळहातावर ठेव, देवाचं नाव घे आणि गीळ. देवानं कधी सांगितलंय का, की माझ्याकडे यायचं तर औषधाला घराबाहेर काढून ये?" सिस्टर थांबली. तिनं आवाज खाली आणला. "आता नीट ऐक. पोर ही एक झाली. काल गुरुवार होता, रोजच्या गोळ्या न्यायचा दिवस. तुमच्या गावातून चौदा जण यायला हवे होते. आठ आले."

मलितानं चमकून पाहिलं. "बाकीचे सहा?"

"तूच सांग. त्या होळीला कोण कोण होतं?"

सगळं गाव होतं! पाहुण्यांना वाटलं, ताईत जळला. पण गावानं काय पाहिलं? फेफऱ्याच्या गोळ्या गळ्यातून काढून आगीत टाकल्या, बाई म्हणाल्या गरज नाही, आणि पोर नऊ दिवस ठणठणीत! मग ज्याला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, ज्याला रक्तदाबाच्या, ज्याला त्या दुसऱ्या आजाराच्या, ज्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही, त्यानं काय समजायचं?

"कोण आहेत ते? नावं सांगा, मी घरी जाते."

"नावं मी सांगत नसते आणि तू विचारूही नकोस. ज्या तोंडानं त्यांनी ऐकलं, त्याच तोंडानं पुन्हा ऐकायला हवं. सगळ्यांसमोर."

शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत बैठक बसली. टॉड पाळकांचा चेहरा उतरला होता. ते वाईट नव्हते, घाबरले होते. "रविवारी नको," ते म्हणत राहिले. "लोक निराश होतील. आपण प्रार्थना करू आणि घरी पोहोचल्यावर मी सविस्तर पत्र लिहीन."

मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, येरेमिया काका त्यांच्या बाजूनं. हा माणूस स्वभावानं सज्जन, पण मंडळीच्या नावाला डाग लागतो म्हटलं की हमरीतुमरीवर येणारा. "बाई, निरोपाच्या वेळी पाहुण्यांच्या हातात शेंगदाणे द्यायचे असतात, काटे नाहीत. पोरीचं झालं ते वाईट झालं. पण आपली घाण आपण मागाहून झाडू. आणि तुमच्या वर्गावर पत्रे घालून देतो म्हणालेत हे लोक, ते तरी आठवा."

"काका, पत्रे राहू देत. सहा माणसं औषध घेत नाहीयेत."

"कोण सहा? नाव घ्या ना एकाचं! घ्या! हे सगळं त्या सिस्टरचं कुभांड आहे."

मेरेडिथ कोपऱ्यात बसली होती. रात्रभर तिला झोप नव्हती. ती उठली आणि म्हणाली, "पास्टर, रविवारी साक्ष माझी आहे ना? मग मी ती देणार. लिहिलेली नाही, खरी."

मलितानं ते वाक्य येरेमिया काकांना जसंच्या तसं सांगितलं.

रविवारी चर्च तुडुंब भरलं. नाचगाणी झाली, पाहुण्यांना चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायची रंगीत कापडं, भेट दिली. चिसाले सिस्टर पहाटेच्या गाडीनं येऊन शेवटच्या बाकावर बसली होती, शेजारी औषधांची पेटी. मेरेडिथ पुढं आली. शेजारी मलिता.

"मी तुमच्या गावात येऊन एका मुलीचं औषध जाळलं," मेरेडिथ म्हणाली. "मी त्याला ताईत समजले. मी विचारलं नाही. मला वाटलं, मला सगळं कळतं."

मलितानं सांगितलं, एकेक शब्द. 'ताईत' म्हणताना तिचा आवाज फाटला.

चर्चमध्ये एकदम गलका उठला. "ताईत?" "एनेलेसीच्या नातीचा ताईत?" "अहो, त्या तर गोळ्या होत्या!" टॉड पाळक मान खाली घालून बसले. येरेमिया काका उभे राहिले. "बाई, पुरे!"

"नाही पुरे, काका!" मलिता म्हणाली. आता ती कुणाचंच भाषांतर करत नव्हती. "ह्या मुलीची चूक अर्धी. अर्धी माझी! मला माहीत होतं ते औषध आहे. पाहुणीला वाईट वाटेल म्हणून मी शब्द गाळला, आणि ती पोर आज इस्पितळात जळका हात घेऊन पडली आहे. देवानं औषध टाकायला सांगितलं नव्हतं! ह्या मुलीनंही सांगितलं नव्हतं! ते माझ्या तोंडून निघालं, आणि ते खोटं होतं! तुमच्यापैकी कुणी माझं ऐकून औषध सोडलं असेल, तर मी हात जोडते, आजच सुरू करा. हात वर करू नका, नाव सांगू नका. मागं सिस्टर बसल्या आहेत, जाताना नुसतं त्यांच्यापाशी थांबून जा."

कुणी हललं नाही. बायकांच्या बाजूला एक मूल खोकलं, तेवढंच. येरेमिया काका अजून उभेच होते. "बघा," ते म्हणाले, "आहे का कुणी? उगाच पाहुण्यांसमोर..."

"मी आहे."

बायकांच्या तिसऱ्या बाकावरून एक बाई उठली. अख्खं चर्च वळलं. ती मार्था काकू होती, येरेमिया काकांची बायको!

"रक्तदाबाच्या गोळ्या," ती खाली मान घालून म्हणाली. "मी त्या शौचकूपात टाकल्या. होळीच्याच दिवशी. तीन दिवस झाले, डोकं फुटायची पाळी आली आहे, डाव्या डोळ्यापुढं अंधार येतो. ह्यांना बोलले नाही. म्हटलं, हे मंडळीचे वडील, ह्यांच्याच घरातला विश्वास कच्चा निघाला असं लोक म्हणतील."

येरेमिया काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. काल ह्याच माणसानं नाव घ्या म्हणून आव्हान दिलं होतं, आणि नाव त्यांच्याच चुलीपाशी बसलं होतं! ते बाकांना धरत धरत बायकोपर्यंत गेले. तिचा दंड धरला आणि सगळ्यांच्या देखत तिला मागच्या बाकापर्यंत घेऊन आले. सिस्टरनं रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि "देवा रे!" म्हणून पेटी उघडली.

मग माणसं उठू लागली. एक म्हातारा. एक तान्ह्या बाळाची आई. एक तरणाताठा गडी, जो कधी आजारी असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. कुणी पाणी प्यायच्या निमित्तानं, कुणी सरळ. सिस्टरनं नंतर मलिताला एवढंच सांगितलं की सहा नव्हते, नऊ होते. तिघांची तिलाही कल्पना नव्हती.

सोमवारी विमानतळाकडे जाताना पाहुण्यांची गाडी जिल्ह्याच्या इस्पितळापाशी थांबली. मलिताही सोबत होती. तियोंगे शुद्धीवर होती, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. हात वाचला, पण दोन बोटं कायमची वाकडी राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एनेलेसी आजी उशाशी बसली होती.

मेरेडिथ तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "आजींना सांगा, मला माफ करा. मी काय भरून देऊ शकते, ते मला कळत नाही."

मलितानं सांगितलं.

आजीनं त्या मुलीच्या झुकलेल्या डोक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिला सांग, मी तिला माफ केलंय. म्हातारी बाई किती दिवस राग धरणार? पण हात माझा भाजलेला नाही. माझ्या नातीला डाव्या हातानं लिहिता येईल, तेव्हा तिला पत्र लिही म्हणावं आणि माफ करतेस का, ते तिलाच विचार. आणि मलिता, हेच तुलाही. तू तर तिच्या वर्गातच असशील, तुला रोज विचारता येईल."

दारात उभे असलेले विद्यार्थी मलिताकडे पाहत होते. मेरेडिथही. तिचे डोळे विनवत होते की काहीतरी मऊ ऐकू यावं. मलिताच्या मनात क्षणभर दयेचा उमाळा आला. ह्या पोरीला चौदा तास विमानात बसायचं होतं, एवढंसं गाळलं तर काय बिघडणार होतं? पण तिनं ते सगळं सांगितलं, डाव्या हातासकट, आणि शेवटचं स्वतःबद्दलचंही. मेरेडिथ ऐकत गेली, रडली, आणि मग तिनं तियोंगेच्या उशाशी आपला पत्ता लिहून ठेवला.

वाचकहो, पाहुणा देवासारखा असतो हे खरं, पण तो देव नसतो. त्याचं चुकतं. शिकलेल्याचं चुकतं, धर्म सांगणाऱ्याचं चुकतं, लांबून आपल्या भल्यासाठी आलेल्याचंही चुकतं. परक्याच्या घरी भलं करायला जाणाऱ्यानं आधी विचारायला शिकावं. आणि घरच्यानं, ज्याला खरं माहीत आहे त्यानं, चारचौघांच्या भिडेपोटी तोंड बंद ठेवू नये. भिडेनं राखलेलं मन दोन दिवसांत विसरलं जातं. पण त्या भिडेची किंमत जो मोजतो तो बहुतेक वेळा त्या चारचौघांत नसतोच, तो असतो सगळ्यांत लहान आणि सगळ्यांवर विश्वास ठेवणारा. श्रद्धा जरूर ठेवा, औषधही वेळेवर घ्या, आणि जिथं खरं बोलायला हवं तिथं बोला, पाहुणा रुसला तरी चालेल. रुसलेला पाहुणा पुन्हा येतो. तियोंगेची दोन बोटं सरळ व्हायची नाहीत.